किल्लारीसाठी गायलेली रात्र आणि दोन कॅसेटी

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एक जुनं सांस्कृतिक मंडळ आहे. वर्गणीवर चालणारं, गणपतीत आरास करणारं, मे महिन्यात मुलांची शिबिरं भरवणारं. अशी मंडळं ठाण्यात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे नावाला महत्त्व नाही. सुवर्णमहोत्सव जवळ आला तसं कार्यालयातलं लोखंडी कपाट उपसलं गेलं आणि जुन्या पावतीपुस्तकांखाली नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटी निघाल्या. एकीवर बॉलपेनने ‘किल्लारी १’, दुसरीवर ‘किल्लारी २, गोंधळ, धवले, तारपा’. तारीख नाही, कलावंतांची नावं नाहीत. ज्यांच्या अक्षरात ते लिहिलं होतं ते कार्यवाह केव्हाच वारले होते.

कार्यक्रम मात्र जुन्या सभासदांना आठवत होता. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसं गाढ झोपलेली. दहा हजारांच्या आसपास जीव गेले. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. ठाण्यातल्या मंडळांनी तेव्हा कपडे, धान्य, घोंगड्या गोळा करून ट्रक भरभरून पाठवले. या मंडळाने त्यावर आणखी एक गोष्ट केली: शाळेच्या पटांगणात लोककलांची एक रात्र. तिकीट नाही, झोळी फिरवायची. जमेल तो पैसा भूकंपग्रस्तांना जायचा असल्यामुळे स्पीकरचं भाडंही नको, असं ठरलं. म्हणजे कार्यक्रम अक्षरशः बिनमाईकचा. पेटी, ढोलकी, संबळ, तुणतुणं, टाळ आणि माणसांचे गळे.

आले होते कोण? वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरी करणारे शाहीर, त्यांनी भूकंपावर नवा पोवाडा रचला होता. एक गोंधळ्यांचा संच. चेंदणी कोळीवाड्यातल्या काही बायका. घणसोलीकडच्या एका आगरी गावातली धवलारीण, म्हणजे लग्नविधीत धवले नावाची गाणी म्हणणारी बाई, आणि तिच्या साथीच्या दोघी. जव्हारकडचा एक तारपावाला, तारपा म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला, तोवर जव्हार ठाणे जिल्ह्यातच होतं. ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४मध्ये. त्यामुळे आगरी बायका ठाणे-बेलापूर रोडने एसटीने आल्या आणि रात्री परतायला गाडी नाही म्हणून कार्यवाहांच्याच घरी झोपल्या. कोणीही एक पैसा घेतला नाही.

मंडळाचा आताचा बेत साधा होता. कॅसेटी डिजिटल करायच्या, आवाज ‘स्वच्छ’ करायचा, मधलं बोलणं काढून तासाभराचा सुटसुटीत कार्यक्रम बनवायचा, यूट्यूबवर टाकायचा आणि खाली मंडळाच्या नव्या सभागृहासाठी मदतीचं आवाहन करायचं. हेतू वाईट नव्हता. मला बोलावलं ते पहिल्या कामासाठी, पण गाडं अडलं ते शेवटच्या दोन कामांवर. एकाची गाठ दुसऱ्यात कशी होती, हेच या प्रकरणात पाहण्यासारखं आहे.

आधी कॅसेटींची अवस्था. ठाण्याच्या हवेत कपाटात तीस पावसाळे काढलेली फीत म्हणजे बुरशी ठरलेलीच. फिरकीच्या कडेला पांढुरकी पूड दिसत होती. दुसऱ्या कॅसेटमधला फेल्टचा बारका चौकोन, जो फितीला हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर, दाबून धरतो, तो गोंद वाळून गळून पडला होता. तो नसला की आवाज दबका आणि डळमळता येतो. ‘कॅसेट गेली’ असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं. नव्वद मिनिटांची फीत साठ मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, जेमतेम १२ मायक्रॉन. ओढली की ताणली जाते. म्हणून फीत साफ करून स्क्रूवाल्या नव्या खोक्यात बसवली, एकदा सावकाश पुढे-मागे फिरवून सैल केली आणि मगच डेकमध्ये घातली. हेडचा कोन हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. ज्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर तुमच्या सरळ हेडवर वरचे स्वर मरतात, टाळ गोणपाटाखाली वाजल्यासारखा ऐकू येतो. डेकचा एक बारीक स्क्रू फिरवत, टाळ उघडा ऐकू येईल तिथे थांबायचं. प्रत्येक बाजूसाठी वेगळं. सॉफ्टवेअरने हे नंतर भरून निघत नाही. फितीवर आहे ते उचललंच नाही, तर वाढवणार काय?

दुसरा घोळ वेगाचा निघाला. पहिल्या कॅसेटच्या मागच्या बाजूला पोवाडा आहे. सुरुवातीला पेटी काळी दोनमध्ये लागते, शेवटाकडे येते तेव्हा चक्क पांढरी तीन. पेटीच्या पट्ट्या एका रात्रीत अर्धा स्वर चढत नाहीत. याचा अर्थ टेपरेकॉर्डर सेलवर चालला होता आणि सेल उतरत गेले तशी फीत हळू सरकत गेली. हळू भरलेली फीत नेहमीच्या, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरच्या वेगाने वाजवली की सगळं चढं आणि घाईचं होतं. अर्धा स्वर म्हणजे सुमारे सहा टक्के. यंत्र विजेवर असतं तर ५० हर्ट्झची घरघर मापाला धरता आली असती, तीही बेताचीच, कारण नव्वदीच्या दशकात आपल्या ग्रीडची फ्रिक्वेन्सी पन्नासवर ठाम नसायची. इथे पेटीच कामाला आली. पेटी कायम काळी दोनमध्ये राहील असा वेग क्रमाने उतरवत नेला आणि शाहिरांचा आवाज बदलला. मघाशी पोरगेलासा वाटणारा गळा पन्नाशीतल्या माणसाचा झाला. त्यांच्या मुलीने पुढे तो ऐकला तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं की पहिल्यांदा पाठवलेल्या तुकड्यात बाबा असे किरटे का येत होते.

हा वेग उतरवलेला आवाज वेगळ्या प्रतीत. मूळ फाइल फितीवरून आली तशीच ठेवायची, तिच्यावर काहीही करायचं नाही, हा ध्वनिसंग्रहालयांचा जगभरचा शिरस्ता आहे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ. दोन्ही कॅसेटी मिळून सहा जीबीच्या आसपास. आजच्या काळात ही जागा म्हणजे काहीच नाही. तेव्हा मूळ फाइल जपण्यात कंजुषी करण्याला कारण उरत नाही.

आता ‘स्वच्छ’ करण्याकडे येऊ. मंडळातल्या एका उत्साही तरुणाने ओळखीच्या स्टुडिओतून नमुना करून आणला होता. ऐकायला खरोखर गोड. मागची सरसर गायब, खोकला गायब, पोरांचा गलका गायब. पण गोंधळाच्या तुकड्यात तुणतुणंही गायब! एका तारेची अखंड झणझण त्या प्रोग्रॅमला सरसरीसारखीच वाटली आणि त्याने ती इमानेइतबारे पुसली. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटली. मूळ फितीवर गोंधळ चालू असताना मधूनमधून टिण्, टिण् असं वाजतं. परातीत नाणी पडताहेत. कोणीतरी परात घेऊन रांगांतून फिरतंय, आवाज जवळ येतो, लांब जातो, मध्येच कोणी मूठभर चिल्लर ओतली की संबळावरही मात करतो. फितीवरची टकटक काढणाऱ्या साधनाने हे सगळं खोट समजून वेचून काढलं होतं. मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमातून मदतच गेली.

त्या तरुणाची काढायच्या गोष्टींची यादी माझ्याकडे आहे. ‘सुरुवातीचं निवेदन, काढणे. देणग्यांची नावं, काढणे. क्रिकेट, काढणे. धवल्यांआधीची बडबड, काढणे.’ वेळेचे आकडे समोर लिहिलेले, काम नीटनेटकं. या चार नोंदींतच प्रकरण होतं.

क्रिकेटचं आधी, कारण ते सोपं. स्मरणिकेत कार्यक्रम ऑक्टोबरमधला छापला होता, दोन सभासद दिवाळीतला म्हणत होते, एकजण डिसेंबरवर अडून. फितीवर निवेदक झोळी फिरवण्याआधी लोकांना हसवतो, की परवा सचिनने शेवटची ओव्हर टाकून मॅच काढली, तशी आपलीही आता शेवटची ओव्हर आहे, हात सैल सोडा, आणि उद्याच्या फायनलसाठी लवकर घरी सोडतो. ही हीरो कपची सेमीफायनल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या, तेंडुलकरने तीनच दिल्या, ईडन गार्डन्सवर भारत दोन धावांनी जिंकला. तारीख २४ नोव्हेंबर १९९३. अंतिम सामना २७ला. परवा सेमीफायनल आणि उद्या फायनल असा दिवस एकच, शुक्रवार २६ नोव्हेंबर. मंडळाच्या एकाही कागदावर नसलेली तारीख ‘काढणे’च्या यादीतून मिळाली.

सुरुवातीच्या निवेदनात कलावंतांची ओळख आहे आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: आजची मंडळी बिनमानधन आली आहेत, ती केवळ किल्लारीच्या आपल्या माणसांसाठी, आणि जमलेली पै न् पै मुख्यमंत्री निधीत भरली जाईल. कलावंतांशी लेखी करार तेव्हा कोण करत होतं? कार्यवाहांनी पोस्टकार्ड टाकलं असेल, नाहीतर कोणाच्या तोंडी निरोप गेला असेल. तेव्हा त्या रात्रीच्या अटी कुठे नोंदलेल्या असतील तर त्या या निवेदनात. हा भाग कापला की राहतं ते छान गाणं, कोणी, कशासाठी आणि कोणत्या बोलीवर म्हटलं याचा पत्ता नसलेलं.

‘बडबड’ म्हणून नोंदलेला तुकडा धवलारणीचा स्वतःचा आहे. धवले हे आगरी लग्नातले. हळद, मांडव, देवक अशा प्रसंगी धवलारीण ते म्हणते आणि विधी पुढे नेते. ते घरी सहज गुणगुणायची गाणी नव्हेत, कार्यक्रमाला सादर करायची तर त्याहून नव्हेत. बाई तेच सांगते. मांडवाबाहेर आम्ही हे म्हणत नाही, तिकडे लेकीबाळींचे मांडवच मोडले म्हणून आज म्हणते, पुन्हा म्हणायला सांगू नका. लोक हसतात, तिला वाटतं की थट्टा झाली, ती क्षणभर गप्प होते आणि मग थेट सुरू करते.

ही चार वाक्यं ऐकल्यावर मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं सरळ होतं: कॅसेट आमची, कार्यक्रम आमचा, यंत्र आमच्या कार्यवाहांनी लावलं, कलावंतांनी मानधनावर स्वखुशीने पाणी सोडलं, गाणी पारंपरिक. मग अडचण काय?

कायद्याच्या अंगाने यातलं काही खरं आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणणाऱ्याकडे जातो, म्हणजे मंडळाकडे. पारंपरिक गोंधळ आणि धवले यांना कवी सापडणार नाही. पण शाहिरांचा पोवाडा त्या भूकंपावर त्यांनी स्वतः रचलेला. त्याचे शब्द त्यांचे आणि त्यांच्या मागे वारसांचे, मृत्यूनंतर साठ वर्षं. शिवाय गाणाऱ्याचा म्हणून वेगळा हक्क असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तो १९९४च्या दुरुस्तीने आला, आणि कलावंताच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी, जादूगार, अगदी गारुडीही आहेत. लोककलेवर लिहिणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. हक्काची मुदत आधी २५ वर्षं होती, १९९९मध्ये ५० झाली. २०१२च्या दुरुस्तीने नाव मिळण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड होऊ न देण्याचाही हक्क जोडला. ती १९९४ची दुरुस्ती लागू झाली १० मे १९९५ला आणि आपला कार्यक्रम १९९३चा. या फटीवर बोट ठेवून मंडळाला हात वर करता आले असते. बैठकीत एकाने ते सुचवलंही. मंडळाच्याच एका वकील सभासदाने त्यांना गप्प केलं: कोर्टात काय टिकेल ते नंतर, कळव्याला शाहिरांच्या मुलीसमोर बसून हे बोलता येईल का ते आधी सांगा.

माझं मत विचारलं तेव्हा मी मानधनाबद्दल बोललो. मानधन सोडणं म्हणजे एका रात्रीची कमाई एका कामाला देणं. त्या रात्रीचा आवाज पुढे कधीही, कशासाठीही वापरा अशी मुभा त्यात येत नाही. मदतीच्या कार्यक्रमांत हा घोटाळा नेहमी होतो, आणि मोठ्यांच्याही हातून झाला आहे. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी केलेला कार्यक्रम घ्या. तिकिटांचा पैसा युनिसेफकडे लवकर पोचला. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचा, जो त्याच्या कितीतरी पट होता, तो अमेरिकेच्या करखात्याच्या घोळात वर्षानुवर्षं अडकून राहिला. रात्रीचा पैसा एक, ध्वनिमुद्रणाचा पैसा दुसरा. दुसऱ्याची तजवीज आधी केली नाही तर पहिल्याचं पुण्यही वादात सापडतं. आपल्याकडे लाखांचा प्रश्न नव्हता, यूट्यूबवर शे-दोनशे लोक पाहतील; पण ज्या गळ्यांनी किल्लारीसाठी झोळी भरली त्याच गळ्यांवर नौपाड्याच्या सभागृहाची झोळी फिरवायची, हे मला तरी रुचत नव्हतं.

शेवटी माणसं शोधायचं ठरलं आणि इथे मंडळाने मनापासून कष्ट घेतले, हे नोंदवायला हवं. शाहिरांची मुलगी कळव्यात सापडली. तिच्याकडे बाबांची वही होती, पोवाड्याचे शब्द जुळले. तिची हरकत गाण्याला नव्हती, सभागृहाला होती. तिचं म्हणणं असं की बाबा भूकंपाच्या लोकांसाठी गेले होते, त्यांचं नाव त्यालाच राहू दे. पुढे कधी यातून पैसा आलाच तर तो किल्लारीकडच्या एखाद्या शाळेला जावा. गोंधळ्याचा मुलगा कल्याणला असतो, आजही तोच व्यवसाय करतो. त्याला संमतीचा कागद दिला तर तो हसला. त्याची मागणी एकच: व्हिडिओखाली माझा मोबाइल नंबर टाका, लगीनसराई तोंडावर आहे. संग्रह, वारसा वगैरे शब्दांनी भारावलेल्या आम्हा सगळ्यांना हे ऐकून जरा जमिनीवर यावं लागलं.

धवलारीण हयात नाही. तिच्या सुनेने, जी आता स्वतः धवले म्हणते, अख्खा तुकडा शांतपणे ऐकला, सासूचं बोलणं पुन्हा लावायला सांगितलं आणि नेटवर टाकू नका म्हणाली. गावातल्या मुलींना शिकायला हवं असेल तर प्रत आम्हाला द्या. सासूने ‘पुन्हा म्हणायला सांगू नका’ म्हटलंय, आणि ते फोनवर लोक हजारदा म्हणायला लावतील. समितीतल्या काहींना हे फारच ताणलेलं वाटलं. मला नाही वाटलं. बाईने अट घालूनच गायलं होतं आणि ती अट फितीवर आहे.

तारपावाल्याशी इथे घोडं पेंड खातं. निवेदक त्याचं नाव घेतो, नेमक्या त्याच क्षणी टाळ्या पडतात. त्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय होती: मोठा आवाज आला की यंत्र सगळंच खाली दाबतं, मग हळूहळू वर सोडतं. गोंधळातही प्रत्येक संबळाच्या ठोक्यानंतर गाणाऱ्याचा आवाज असाच बुडून वर येतो. टाळ्यांखाली दबलेलं ते नाव पुष्कळ खटपट करूनही उठलं नाही. ‘जव्हार तालुक्यातले’ एवढंच कळतं. एकजण जव्हारला जाऊन चार पाड्यांत विचारून आला, फोनवर तुकडा ऐकवला. वाजवण्याची ढब ओळखीची आहे म्हणाले, माणूस कोणी सांगितला नाही. मंडळाने तो तुकडा ‘वादकाचं नाव मिळालेलं नाही, माहिती असल्यास कळवावे’ अशी ओळ लिहून टाकला. मला हे पटलेलं नाही. सुनेचा नकार मानायचा आणि ज्याला विचारताच आलं नाही त्याचा होकार गृहीत धरायचा, ही चाल सोयीची आहे. दुसरी बाजूही आहे: ऐकूनच कोणी ओळखेल, कपाटात ठेवून कसं ओळखणार? मतभेद तसाच राहिला.

समाजअभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, तिथे ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. त्यामुळेच वर्षांनंतर त्या बायकांच्या दारात पुन्हा जाता आलं. मंडळाने त्याच धर्तीवर एक वही केली: कोणत्या मिनिटाला कोण, कुठलं, काय म्हटलं, कोणाची संमती, कोणत्या अटीवर, कोणाशी कधी बोलणं झालं. देणगीदारांची नावं वहीत आहेत, नेटवर नाहीत. त्या रात्री एका बाईने बोटातली अंगठी काढून दिल्याचं निवेदक नावासकट सांगतो, आणि ते घरी माहीत होतं की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही.

आता स्थिती अशी आहे. मूळ फाइल अखंड, दोन हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. यूट्यूबवर पोवाडा, गोंधळ, कोळीगीतं आणि तारपा. पोवाड्याचा वेग दुरुस्त केलेला, बाकी सरसर, खोकला, नाणी, सचिन सगळं जागच्या जागी. जाहिराती बंद, सभागृहाचं आवाहन काढलेलं. धवल्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घणसोलीला गेली. किल्लारीच्या निधीची पावती त्याच कपाटात पुढे सापडली, निवेदनात सांगितलेला आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळतो. ती स्कॅन करून वहीला जोडली आहे.

सभागृहासाठी मंडळाने वेगळा कार्यक्रम केला, या वेळी मानधन देऊन आणि ध्वनिमुद्रणाची संमती आधीच कागदावर घेऊन. गोंधळ्याच्या मुलालाही बोलावलं होतं. त्याने आपला नेहमीचा लगीनसराईचा दर सांगितला आणि खजिनदारांनी त्यावर अर्धा तास घासाघीस केली.